मेमरी फुल्ल झाली, पण कोणती?

दहावीच्या परीक्षा संपल्या, की आम्हा विज्ञान-शिक्षकांकडे एक प्रश्न दरवर्षी नेमाने येतो. कोणीतरी पालक रस्त्यात गाठतात आणि विचारतात, "सर, मुलीला संगणक घ्यायचा आहे. लहानसाच, टेबलाच्या कोपऱ्यात मावेल असा. मेमरी किती घेऊ?" मी विचारतो, "कोणती मेमरी?" मग ते गृहस्थ जरा घुटमळतात. "कोणती म्हणजे? ती हो, ५१२ वाली. दुकानदार म्हणाला, भरपूर आहे, दहा वर्षे बघायला नको."

विद्यार्थी मित्रांनो, या दहा वर्षांच्या आश्वासनामुळेच हा लेख लिहावयास घेतला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. संगणक घेताना माणसे ज्या आकड्याला भुलतात तो बहुधा साठवणीचा असतो. यंत्र किती वर्षे उपयोगी पडणार हे मात्र बरेचसे दुसऱ्याच आकड्यावर, म्हणजे रॅमवर ठरते. आणि दुकानात विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या दोन्ही आकड्यांच्या पलीकडचा आहे. तो असा : यातले काय काय नंतर वाढवता येईल? हा प्रश्न न विचारल्याचा परिणाम मी स्वतः भोगला आहे. ती हकीगत पुढे येईलच.

गोंधळाचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. मोबाइलमध्ये फोटो मावेनासे झाले, की आपण म्हणतो, "मेमरी फुल्ल झाली." संगणक अडखळू लागला, तरी म्हणतो, "मेमरी कमी पडते." एकच शब्द, पण वस्तू दोन. जुन्या पाठ्यपुस्तकांत यांना मुख्य स्मृती आणि दुय्यम स्मृती अशी नावे असत. ती जड वाटतात खरी, पण निदान ती दोन तरी होती! आपण या लेखापुरते पहिलीला रॅम आणि दुसरीला साठवण म्हणू.

दोन्हींत फरक काय? रॅमच्या चिपमध्ये माहितीचा प्रत्येक कण, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एक, एका अतिसूक्ष्म कपॅसिटरवरील विद्युतभाराच्या रूपाने असतो. त्याच्या जोडीला एक ट्रान्झिस्टर, दरवाजा उघडण्या-मिटण्यासाठी. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर भागवण्याची ही युक्ती आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ साली मिळाले. मात्र हा कपॅसिटर गळक्या भांड्यासारखा असतो. त्यातला भार झिरपून जातो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कण वाचून पुन्हा भरावा लागतो, आणि हे काम संगणक चालू असेपर्यंत अखंड चालते. वीज गेली की भरणारा गेला आणि भांडी रिकामी. तुम्ही न साठवलेला निबंध कोठे जातो, याचे उत्तर हे असे आहे.

साठवणीच्या एसएसडीत भार गळू नये म्हणून त्याला सर्व बाजूंनी विद्युतरोधक थराने कोंडून ठेवलेले असते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेल्या फ्लॅश स्मृतीचा हा वारसा. वीज नसतानाही तो भार दीर्घकाळ टिकतो. हार्ड डिस्कचा मार्ग त्याहून जुना : फिरत्या तबकडीवरील चुंबकीय खुणा.

आता वेगाकडे वळू. खरी गंमत येथे आहे.

रॅममधील एखाद्या जागेवरची माहिती हाती यावयास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. एसएसडीला साधारण सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. हार्ड डिस्कला सेकंदाचा शंभरावा भाग. तिला उशीर का, हे तुम्ही स्वतः काढू शकता. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती खूण वाचकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. शिवाय वाचणारा हात योग्य वर्तुळावर सरकायचा वेळ वेगळा.

एक कोटीवा काय आणि दहा हजारावा काय, आपल्याला दोन्ही सारखेच क्षणिक वाटतात. म्हणून सगळ्या वेळांना एक कोटीने गुणून पाहा. तुम्ही अभ्यासाला बसला आहात आणि एका शब्दाचा अर्थ हवा आहे, असे समजा. रॅम म्हणजे टेबलावर उघडाच असलेला शब्दकोश : एका सेकंदात अर्थ मिळाला. एसएसडी म्हणजे शाळेच्या ग्रंथालयातला शब्दकोश : जाऊन, शोधून, परत येईपर्यंत १००० सेकंद, जवळजवळ १७ मिनिटे. आणि हार्ड डिस्क? तिला एक लाख सेकंद. आज सकाळी आठ वाजता मागितलेला शब्दकोश उद्या दुपारी पावणेबाराला हातात पडणार!

टेबल लहान असेल तर काय होते, ते यावरून कळेल. चार पुस्तके मावतात आणि पाचवे हवे आहे. मग एक उचलून कपाटात ठेवायचे आणि त्या जागी पाचवे मांडायचे. थोड्या वेळाने ठेवलेलेच पुन्हा लागते, की पुन्हा अदलाबदल. संगणक नेमके हेच करतो. रॅम भरली की सध्या न लागणारा भाग साठवणीत नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. ही युक्ती आजची नव्हे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या आणि १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात ती प्रथम आली. तेव्हा वेगवान स्मृती इतकी महाग होती, की थोड्या स्मृतीला फिरत्या चुंबकीय ढोलाची जोड देऊन ती मोठी असल्याचा भास निर्माण केला गेला. युक्ती उत्तमच आहे. पण भास तो भास. अदलाबदल अधूनमधून होत असेल तर कळतही नाही. सतत होऊ लागली तर संगणकाचा सगळा वेळ पुस्तके उचलण्यातच जातो, वाचन बाजूला राहते. ५१२ जीबीचे कपाट घेऊनही ४ जीबीच्या टेबलावर काम अडते, ते यामुळे.

याचा पडताळा घरी किंवा शाळेत जरूर घ्या. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात मेमरी निवडा. संगणक नुकताच सुरू केला असताना किती जीबी वापरात आहे ते लिहून ठेवा. मग ब्राउझर उघडा आणि पुन्हा लिहा. मग पाच पाने उघडा, मग दहा, मग सोबत एखादा व्हिडिओ. प्रत्येक वेळी आकडा टिपा आणि त्याचा आलेख काढा. आलेख एका ठिकाणी वर चढायचा थांबतो आणि संगणक अडखळू लागतो. तेव्हा डिस्कच्या रकान्यातला आकडा पाहावयास विसरू नका. टेबल संपून कपाटाकडे धावाधाव सुरू झाल्याचे ते डोळ्यांनी दिसणारे चिन्ह आहे. त्याच पडद्यावर पुष्कळदा खाली एक ओळ असते : किती स्लॉटपैकी किती वापरात. तिचाही आकडा लिहून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

स्मृतीची टंचाई आपल्या देशाला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० साली काम करू लागलेला टिफ्रॅक हा संगणक घ्या. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती. हिशेब करा : आजच्या भाषेत जेमतेम १० किलोबाइट. तेवढ्यावर शास्त्रज्ञांनी गंभीर गणिते केली.

शाळांचा विचार केला तर १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पाची आठवण काढावी लागेल. शालेय विद्यार्थ्यांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून केंद्र सरकारने देशभरातील निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे यंत्र. त्याच्या 'बी' नमुन्यात रॅम होती ३२ किलोबाइट. पण सगळी आपली नव्हे! पडद्यावरचे चित्रसुद्धा त्याच ३२ किलोबाइटमध्ये ठेवावे लागे. सर्वांत बारीक चित्राच्या पद्धतीत पडद्यावर ६४० गुणिले २५६ ठिपके असत. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरले तर २०,४८० बाइट, म्हणजे बरोबर २० किलोबाइट नुसत्या चित्राला गेले. यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी काही जागा जाई. विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला उरत साडेआठ किलोबाइटच्या आसपास. म्हणून हुशार विद्यार्थी काय करीत? केवळ अक्षरे दाखवणारी पद्धत निवडीत, जिला एकच किलोबाइट पुरे. चित्र हवे की लांब प्रोग्रॅम, हा निर्णय रोज करावा लागे.

ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण आहे. आजच्या लहान डेस्कटॉपमध्ये चित्रासाठी वेगळे कार्ड सहसा नसते. पडदा अजूनही आपल्याच रॅममधून वाटा घेतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्याचे एक चित्र, ठिपक्याला चार बाइट धरून, ८३ लाख बाइटांच्या जवळ जाते. अशी अनेक चित्रे एकाच वेळी तयार ठेवावी लागतात. म्हणून ८ जीबीच्या यंत्रात वापरता येण्याजोगी रॅम आठाहून थोडी कमी दिसते, आणि ४ जीबीच्या यंत्रात ही वजाबाकी चांगलीच टोचते.

आता माझी हकीगत. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षासाठी देणगी दिली. नियमाप्रमाणे तीन कोटेशने मागवली. त्यांत सर्वांत स्वस्त होती ती तळहाताएवढी यंत्रे, पडद्याच्या पाठीमागे स्क्रूने बसवता येणारी. वीज कमी खातात, आवाज नाही, धूळ आत जात नाही. रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी. समितीत कोणीतरी म्हणाले, "कमी पडली तर पुढच्या वर्षी वाढवू." सर्वांनी माना डोलावल्या. दहा यंत्रे घेतली. त्या खरेदीच्या कागदावर माझी सही आहे, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाला देत नाही.

दोन वर्षे बरी गेली. मग विंडोजची नवी सुधारित आवृत्ती उतरवून घ्यावयास जागा पुरेना. मुलांच्या फायली काढल्या, चित्रे काढली, तरी पुरेना. ब्राउझरमध्ये तीन पाने उघडली, की चौथ्याला यंत्र मुकाट बसून राही. दुरुस्ती करणाऱ्या मुलाला बोलावले. त्याने एक यंत्र उघडले, आत पाहिले आणि पुन्हा बंद केले. "सर, ह्यात काही टाकता येणार नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर आहे, स्टोरेजही सोल्डर आहे. स्लॉटच नाही." पुढच्या वर्षी वाढवण्याचा बेत तेथेच संपला.

त्याच कक्षाच्या कोपऱ्यात सात जुने, उभ्या डब्यांचे संगणक धूळ खात पडले होते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे 'निर्लेखित करणे' असा शेरा लिहावयाचा तेवढा राहिला होता. त्या मुलाने त्यातला एक उघडला. रॅमचे दोन स्लॉट, त्यातला एक रिकामा. हार्ड डिस्क जुनी, पण तिची जोडणी साधी, एसएसडीला चालणारी. प्रत्येकात ४ जीबीची आणखी एक पट्टी घातली आणि हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली. मघाचा हिशेब आठवा : २८ तासांचा शब्दकोश १७ मिनिटांवर आला. त्या संगणकांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून त्यांवर लिनक्स घातले आहे. सातही चालू आहेत. नवी दहा बंद आणि जुनी सात चालू!

फरक वयाचा नव्हता, बुद्धीचाही नव्हता. उघडता येण्याचा होता. म्हणून माझे मत ठाम झाले आहे : शाळेने रॅम किंवा साठवण सोल्डर केलेले यंत्र घेऊ नये. घ्यावेच लागले तर त्या दिवशी परवडेल तेवढी जास्तीत जास्त रॅम घ्यावी, कारण तो निर्णय पुन्हा करता येणार नाही.

याला उत्तर देणारे अभियंते आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, रॅम प्रोसेसरच्या अगदी शेजारी डाख देऊन बसवली, की तारांची लांबी घटते, संदेश वेगाने जातात आणि वीज कमी लागते. हे खरे आहे. साध्या डीडीआर-४ प्रकारच्या ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ५१.२ जीबी माहिती देऊ शकतात. ॲपलच्या २०२४ सालच्या मॅक मिनीत, जेथे रॅम प्रोसेसरच्याच आवरणात असते, हा आकडा १२० जीबी आहे. तेव्हा रॅम पक्की बसवण्यामागे निदान विज्ञान आहे, नुसती लबाडी नव्हे. साठवणीबाबत मात्र असे समर्थन मला पटत नाही. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एम-डॉट-टू प्रकारची एसएसडीची पट्टी बसवायला एक स्लॉट आणि एक स्क्रू पुरतो, आणि ती अतिशय वेगवानही असते.

मॅक मिनीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. २००५ सालच्या पहिल्या नमुन्यात रॅमची पट्टी बदलता येई. लोक रंगाऱ्याची पातळ पट्टी घालून झाकण उचकटीत. २०१४ च्या नमुन्यात रॅम सोल्डर झाली. २०१८ मध्ये पट्ट्या परत आल्या. २०२० पासून रॅम प्रोसेसरबरोबर कायमची जोडली गेली. त्या वर्षीच्या यंत्रात कमीत कमी ८ जीबी मिळत होती. २०२४ च्या ऑक्टोबरात कंपनीने कमीत कमी मात्रा १६ केली. ज्यांनी २०२० साली आठाचे घेतले त्यांचे आठ आठच राहिले.

आणि किमती पाहा. २०२४ साली भारतात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवणीचा मॅक मिनी ५९,९०० रुपयांना जाहीर झाला. साठवण ५१२ हवी असेल तर ७९,९००. म्हणजे २५६ जीबी अधिक साठवणीला वीस हजार रुपये! त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत तेव्हा एक टेराबाइटची बाहेरून जोडायची एसएसडी येत होती. येथे माझा सल्ला स्पष्ट आहे. असे यंत्र घेणारच असाल तर पैसे रॅमवर घाला, साठवण लहान घ्या आणि पुढे लागेल तेव्हा बाहेरून जोडा. रॅम बाहेरून जोडता येत नाही. रास्पबेरी पाय या तळहातावरच्या स्वस्त संगणकालाही हेच लागू : त्याची रॅम कायमची, साठवणीचे कार्ड मात्र काढता-घालता येणारे.

"पण सर, साठवण लहान घेतली तर माझा अभ्यास मावेल का?" असे तुम्ही विचाराल. मावेल. एक अंदाज करून पाहू. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार यांचे वेगळे धरायचे. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. एका ओवीत साठ चिन्हे धरली तर अख्खी ज्ञानेश्वरी होते १६ लाख बाइटांची, म्हणजे दीड मेगाबाइटच्या आगेमागे. तुमचा शाळेतला दहा वर्षांचा सगळा लेखी अभ्यास यापेक्षा मोठा असेल असे वाटत नाही. उलट फोनवर काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ सहज १०० मेगाबाइटचा असतो. साठएक ज्ञानेश्वऱ्या एका मिनिटात! तेव्हा साठवण कोण खाते ते ओळखा. जो मुलगा चित्रफिती जोडण्याचे काम मनापासून करणार आहे त्याला जागा लागेल, आणि त्याने ती जरूर घ्यावी. बाकीच्यांना २५६ जीबी पुष्कळ आहे. (पडद्यावर ती २३८ दिसेल, घाबरू नका. उत्पादक अब्ज बाइटांना एक जीबी म्हणतो आणि विंडोज १०२४ च्या पाढ्याने मोजते. फसवणूक नाही, नुसता दोन मापांचा वाद आहे.)

एका मोठ्या साठवणीचा मला आणखी एक धोका वाटतो. सगळे एकाच ठिकाणी मावते म्हणून माणूस दुसरी प्रत ठेवत नाही. एसएसडी झिजते का, असेही विचारतात. झिजते, पण २५० जीबीच्या सामान्य एसएसडीवर १५० टेराबाइट लिहिले जाईपर्यंतची हमी काही उत्पादक देतात. रोज २० जीबी लिहिलेत तरी वीस वर्षे निघतील. झिजण्याआधी ती अचानक बंद पडण्याची भीती अधिक, आणि त्यावर उपाय दुसरी प्रत हाच.

रॅम किती, याचे उत्तर आज मी असे देतो : विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे, तिच्याकडे पाहूच नका, ती यंत्र सुरू होण्याची अट आहे, काम होण्याची नव्हे. शाळेच्या कक्षाला ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट. घरी जो संगणक पाच-सहा वर्षे वापरायचा आहे त्याला १६.

रिकाम्या स्लॉटवर मी इतका भर देतो, त्याला नवे कारणही मिळाले आहे. रॅम वर्षागणिक स्वस्त होत जाते, आज थोडी घ्या आणि उद्या वाढवा, असा सल्ला आम्ही अनेक वर्षे देत आलो. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या कारखान्यांत बनते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी पुरवण्याकडे त्यांचा ओढा वाढला. तेव्हा आमचा जुना सल्ला आता डोळे मिटून देता येत नाही. पण पाहा : ज्याच्याकडे स्लॉट आहे तो भाव उतरेपर्यंत थांबू शकतो, किंवा बंद पडलेल्या संगणकातली पट्टी काढून आपल्यात घालू शकतो. ज्याची रॅम सोल्डर आहे त्याने खरेदीच्या दिवशीच्या भावाने सहा वर्षांचा निर्णय करून टाकलेला असतो. एकच पट्टी वापरल्याने वेग थोडा कमी मिळतो हे मान्य. दोन पट्ट्यांतून माहिती एकाच वेळी येऊ शकते. शाळेच्या कामाला तो तोटा मी पत्करतो.

पट्टी घेताना मात्र डीडीआर-४ की डीडीआर-५ ते आधी पाहा. लहान यंत्रांतल्या आखूड पट्ट्यांपैकी पहिलीला २६० टोके आणि दुसरीला २६२. एकीची दुसरीच्या जागी बसत नाही, आणि जोर केला तर स्लॉट मोडतो. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल तर जुनी पट्टी खिशात घालूनच जा.

यंदा आमच्या शाळेने पुन्हा कोटेशने मागवली. या वेळी कागदावर मी चार ओळी वाढवल्या : रॅमचे स्लॉट किती, त्यांतले रिकामे किती, साठवण काढता येते का, आणि झाकण उघडल्यास हमी रद्द होते का. तीनपैकी एका दुकानदाराने ते रकाने कोरे ठेवले. दुसऱ्याने फोन करून विचारले, "सर, हे कशाला हवे? पुढच्या वेळी नवीनच घ्या ना." तिसऱ्याने लिहून दिले : दोन, एक, होय, नाही. त्याचा दर यंत्रामागे पहिल्यापेक्षा दीड हजाराने जास्त होता. समितीत त्यावर पाऊण तास वाद झाला आणि शेवटी त्याचीच सहा यंत्रे घेतली.

जुन्या दहांपैकी एक ग्रंथालयात आहे. त्यावर पुस्तकांची यादी आणि कोणते पुस्तक कोणाकडे गेले याची नोंद, एवढेच चालते, आणि तेवढे ते नीट करते. उरलेली नऊ अजून कपाटात आहेत. नववीच्या मुलांनी त्यातले एक उघडून पाहायला मागितले आहे. रॅमची चिप कोणती आणि साठवणीची कोणती, ते भिंग घेऊन ओळखायचे, असे ठरले आहे.